सोडत जे विचारत नाही

मार्च संपत आला की भिलाईच्या रुआबांधा सेक्टरपासून पुण्याच्या कोथरूडपर्यंत कितीतरी घरांची झोप अमेरिकेतल्या एका संगणकाच्या हाती जाते. मुलगा किंवा मुलगी तिकडे एम.एस. करून नोकरीला लागलेली असते. कंपनीने तिच्या नावाची नोंद केलेली असते, २१५ डॉलर भरलेले असतात, आणि आता कुशल परदेशी माणसांना तिथे नोकरी करू देणाऱ्या एच-१बी व्हिसाच्या सोडतीत तिचं नाव निघतं की नाही, एवढंच कळायचं असतं. नाव निघालं नाही तर अमेरिकेच्या स्थलांतर खात्याच्या पोर्टलवर बरेच दिवस काहीच बदलत नाही. ‘सबमिटेड’ हा शब्द जिथल्या तिथे राहतो, आणि शेजारच्या टेबलावरच्या मित्राचं मात्र ‘सिलेक्टेड’ झालेलं असतं.

२०२५ च्या मार्चमध्ये अशा ३,४३,९८१ पात्र नोंदी होत्या. त्यांतल्या १,२०,१४१ निवडल्या गेल्या. म्हणजे साधारण तिघांत एक. या निवडीतली थक्क करणारी गोष्ट अशी की संगणकाने या माणसांबद्दल जवळजवळ काहीच विचारलं नव्हतं. अमेरिकेत पदव्युत्तर पदवी घेतली आहे का, एवढं एक सोडलं तर बाकी सगळे त्याला सारखे. कोणी हृदयाच्या झडपेवर काम करतंय की जाहिरातींच्या सॉफ्टवेअरवर, कोणी पहिल्यांदा बसलंय की तिसऱ्यांदा, याचा त्याला पत्ता नव्हता.

म्हणून नाव न निघाल्यावर ‘आपण कमी पडलो’ असं वाटणं स्वाभाविक असलं तरी त्याला आधार नाही. सोडतीने तुम्हाला तपासलंच नाही, तर ती नापास कसं करणार? आणि गंमत अशी की कुशल माणसाला परदेशात नेणारी बाकीची बहुतेक दारं तपासतात. प्रत्येक दार एक वेगळा प्रश्न विचारतं. त्या प्रश्नांची रचना कळली की हा रुक्ष वाटणारा कायदा विलक्षण रंजक होतो, आणि उपयोगाचाही.

६५,००० हा आकडा आला कुठून?

एच-१बीची वार्षिक मर्यादा ६५,००० आहे. हा आकडा १९९० च्या कायद्यातला. त्या वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस राष्ट्राध्यक्ष थोरले बुश यांनी त्यावर सही केली, तेव्हा वर्ल्ड वाइड वेब जिनिव्हाजवळच्या एका प्रयोगशाळेत नुकतं आकार घेत होतं. आज ज्या उद्योगासाठी निम्मं जग या व्हिसाच्या रांगेत उभं आहे, तो उद्योग आजच्या रूपात तेव्हा नव्हताच. तरी आकडा तोच टिकला. मधल्या काळात तो वाढला होता: १९९९ आणि २००० मध्ये १,१५,०००, नंतर तीन वर्षं १,९५,०००. २००४ मध्ये तो पुन्हा ६५,००० वर आला, आणि अमेरिकेतल्या पदव्युत्तर पदवीधरांसाठी २०,००० जागा वेगळ्या जोडल्या गेल्या. मूळ ६५,००० मधल्या ६,८०० जागा चिली आणि सिंगापूरच्या नागरिकांसाठी बाजूला ठेवलेल्या असतात.

सोडत मात्र कायद्यात पहिल्यापासून नव्हती. जो आधी येईल त्याचा अर्ज आधी घेतला जाई. २००७ च्या एप्रिलमध्ये पहिल्या दोनच दिवसांत १,२०,००० च्या वर अर्ज येऊन पडले. कुरिअरची कोणती गाडी आधी पोहोचली यावर माणसाचं भवितव्य ठरवण्यापेक्षा यादृच्छिक निवड बरी, म्हणून सोडत आली. तेव्हा तो न्यायाचा एक प्रयत्न होता.

पुढे माणसांनी तिच्यातही वाट शोधली. एकाच उमेदवाराची नोंद दोन-चार कंपन्यांकडून केली की त्याच्या नावाच्या तितक्या चिठ्ठ्या. २०२३ मध्ये ७,५८,९९४ पात्र नोंदी झाल्या, आणि त्यांतल्या ४,०८,८९१ नोंदी एकाहून अधिक वेळा नाव असलेल्यांच्या होत्या. निम्म्याहून जास्त! २०२४ पासून खात्याने नोंदी मोजणं सोडून माणसं मोजायला सुरुवात केली. पासपोर्ट एक, तर संधी एक. त्याच वर्षी पात्र नोंदी ४,७०,३४२ वर उतरल्या. मोजण्याचं एकक बदललं आणि जवळपास तीन लाख नोंदी विरून गेल्या.

२०२६ च्या निवडीपासून सोडतही एक प्रश्न विचारू लागली आहे: पगार किती? त्या कामासाठी त्या भागात ठरलेल्या वेतनाच्या चार पातळ्या आहेत. चौथ्या पातळीवरच्या माणसाचं नाव यादीत चारदा धरलं जातं, पहिल्या पातळीवरच्याचं एकदा. नुकतं शिकून बाहेर पडलेल्यांसाठी ही वाट त्यामुळे आणखी अरुंद झाली. शिवाय सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने अमेरिकेबाहेर असलेल्या उमेदवाराच्या नव्या अर्जावर १,००,००० डॉलरचं शुल्क बसवलं. अमेरिकेत आधीपासून वैध दर्जावर असलेल्या आणि तिथेच दर्जा बदलून घेणाऱ्या विद्यार्थ्याला ते लागत नाही, असं खात्याने ऑक्टोबरमध्ये स्पष्ट केलं. म्हणजे तोच उमेदवार न्यू जर्सीत असेल तर एक हिशेब, आणि रुआबांध्याला आईबाबांकडे राहून अर्ज करत असेल तर दुसरा.

तीनदा हुकलेले किती?

अमेरिकेत शिकलेल्या विद्यार्थ्याला पदवीनंतर १२ महिने कामाची परवानगी मिळते. तिचं नाव ओपीटी. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी किंवा गणित हा विषय असेल तर आणखी २४ महिने मिळतात. तीन वर्षांत साधारण तीन सोडती पदरात पडतात. घरच्यांना वाटतं, तीनदा बसलं की एकदा तरी निघणारच.

गणित वेगळं सांगतं. पगाराचं वजन येण्याआधीच्या सोडतींसारखा दर वर्षी तिघांत एकाचा नंबर लागतो असं धरू. म्हणजे हुकण्याची शक्यता दोन तृतीयांश. तिन्ही वेळा हुकण्याची शक्यता दोन तृतीयांशचा घन, म्हणजे सत्तावीसांत आठ. दर दहा जणांत जवळपास तिघे तिन्ही वेळा हुकणार, आणि ते कितीही हुशार असले तरी हुकणार. गेल्या काही वर्षांत अमेरिकेतून परतलेल्या, टोरांटोला गेलेल्या किंवा बर्लिनला वळलेल्या मुलामुलींची जी मोठी संख्या दिसते, ती या घनातून निघालेली आहे. त्यात कोणाचाही दोष शोधण्यात अर्थ नाही.

आता दारांकडे वळू.

पहिला प्रश्न: काम कोणासाठी?

सगळ्यात जवळचं दार एच-१बीच्याच भिंतीत आहे, आणि तेच बहुतेकांना माहीत नसतं. वार्षिक मर्यादा सगळ्या मालकांना लागू नाही. विद्यापीठं, विद्यापीठांशी संलग्न ना-नफा संस्था (यात कित्येक शिकवणारी रुग्णालयं येतात), ना-नफा संशोधन संस्था आणि सरकारी संशोधन संस्था तिच्या बाहेर आहेत. त्यांना सोडत नाही आणि मार्चची वाटही नाही. वर्षात कधीही अर्ज करता येतो. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत डेटा सांभाळणारा अभियंता किंवा कर्करोग केंद्रातला संख्याशास्त्रज्ञ या दाराने आत जातो. इतकंच नाही, अशा संस्थेत नोकरी चालू असताना दुसऱ्या खासगी कंपनीत जोडीने काम करण्याचा वेगळा अर्जही करता येतो, आणि त्या अर्जालाही सोडत लागत नाही. पगार इथे बहुधा कमी असतो. पण ज्याची तीन वर्षं संपत आली आहेत, त्याच्यासाठी ही वाट सोन्याच्या मोलाची आहे.

दुसरा प्रश्न: आधी कुठे होतात?

एल-१ व्हिसा १९७० पासून आहे. तो विचारतो, गेल्या तीन वर्षांत तुम्ही याच कंपनीच्या अमेरिकेबाहेरच्या शाखेत सलग एक वर्ष काम केलं आहे का? केलं असेल, आणि तुम्ही व्यवस्थापक असाल किंवा कंपनीच्या खास ज्ञानाचे जाणकार असाल, तर अमेरिकेतल्या शाखेत बदली होऊ शकते. मर्यादा नाही, सोडत नाही. व्यवस्थापकाला जास्तीत जास्त सात वर्षं, जाणकाराला पाच. जोडीदारालाही काम करता येतं.

यातून एक चमत्कारिक भूगोल तयार होतो. सिअ‍ॅटलला बसलेल्या मुलीचा नंबर लागला नाही, तर कंपनी तिला वर्षभर हैदराबादला, पुण्याला किंवा व्हँकूव्हरला पाठवते. काम तेच, टीम तीच, व्हिडिओ कॉलवरचे चेहरेही तेच. बारा महिन्यांनी ती त्याच इमारतीत परतू शकते, कारण आता कायद्याच्या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे आहे. तिच्या कौशल्यात वर्षभरात फारसा फरक पडलेला नसतो. ती कुठे बसून काम करत होती, एवढंच बदललेलं असतं.

तिसरा प्रश्न: किती वेगळं?

ज्या १९९० च्या कायद्याने एच-१बी दिला, त्यानेच त्याचं एक भावंडही दिलं: ओ-१. असामान्य क्षमतेच्या माणसांसाठीचा व्हिसा. नाव ऐकून वाटतं, हा नोबेलवाल्यांचा. प्रत्यक्षात विज्ञान, शिक्षण आणि उद्योगातल्या माणसासाठी आठ कसोट्या आहेत आणि त्यांतल्या तीन पुऱ्या कराव्या लागतात: पुरस्कार, निवडक संस्थेचं सदस्यत्व, आपल्या कामाबद्दल इतरांनी केलेलं लेखन, इतरांच्या कामाचं परीक्षण, महत्त्वाचं मूळ योगदान, शोधनिबंध, नामवंत संस्थेतली कळीची भूमिका, इतरांहून ठळक जास्त पगार.

ही यादी शांतपणे वाचली की लक्षात येतं, यांतली बरीच कामं माणूस करत असतो आणि नोंद ठेवत नाही. परिषदेसाठी आलेले निबंध कोणी तपासले? ज्या पेटंटवर उत्पादन उभं आहे, त्यावर नाव कोणाचं? तीन कसोट्या पार केल्या म्हणजे मंजुरी मिळालीच असं नाही. अधिकारी सगळा पुरावा एकत्र ठेवून तोलतो. पण मर्यादा नाही, सोडत नाही, आणि पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत मिळतो. सोडतीने जे मुळीच पाहिलं नाही, ते सगळं हा व्हिसा पाहायला मागतो.

चौथा प्रश्न: जन्म कुठला?

कायमच्या वास्तव्याच्या, म्हणजे ग्रीन कार्डाच्या वाटेवर एक दार असं आहे जिथे मालकाचीही गरज नाही. आपलं काम अमेरिकेच्या राष्ट्रीय हिताचं आहे, असं उमेदवार स्वतः मांडतो. २०१६ च्या ‘धनसर’ निर्णयाने त्याच्या तीन कसोट्या ठरवल्या: काम मोलाचं आणि देशाच्या दृष्टीने महत्त्वाचं असावं, ते पुढे नेण्याची तुमची तयारी दिसावी, आणि मालकाची व नोकरीच्या जाहिरातीची अट सोडून देण्यात देशाचा फायदा असावा.

मंजुरी मिळते, आणि मग रांग सुरू होते. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डांत कोणत्याही एका देशाच्या वाट्याला साधारण सात टक्क्यांपेक्षा जास्त येत नाही. भारताला सात टक्के, आइसलँडलाही सात. म्हणून भारतीयांची ही रांग दहा वर्षांहून लांब झाली आहे. आणि देश ठरतो जन्मस्थळावरून, नागरिकत्वावरून नाही. वडील मस्कतला नोकरीत असताना तिथे जन्मलेली मराठी मुलगी ओमानच्या रांगेत उभी राहते, जी भारताच्या रांगेपेक्षा खूपच छोटी असते. भिलाईच्या सेक्टर-९ च्या रुग्णालयात जन्मलेला तिचा चुलतभाऊ भारताच्या रांगेत. त्याने तिच्यासारख्याच बाहेर जन्मलेल्या मुलीशी लग्न केलं, तर बायकोच्या जन्मदेशाच्या रांगेत उभं राहण्याची मुभा कायदा देतो. वडिलांच्या काळातली एक बदली मुलांच्या पिढीची कित्येक वर्षं वाचवू शकते, हे वाचून थक्क व्हायला होतं.

जेव्हा प्रवाह उलटा होता

कुशल माणसांनी देश ओलांडण्याची गोष्ट रुआबांध्याला नवी नाही. हे सेक्टर ज्या पोलाद नगरीचा भाग आहे, ती उभी राहिली परदेशातून आलेल्या कुशल माणसांच्या मदतीने. २ फेब्रुवारी १९५५ ला भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात भिलाईच्या कारखान्याचा करार झाला. दुर्ग जिल्हा तेव्हा ज्या मध्य प्रदेशात होता, त्याची राजधानी नागपूर होती. पुढच्याच वर्षी राज्यांची फेररचना झाली आणि नागपूर वेगळ्या राज्यात गेलं, पण विदर्भातली मराठी कुटुंबं नोकरीसाठी मुंबई-हावडा रेल्वेने भिलाईला येत राहिली. सोव्हिएत अभियंते इथे आले, इथले तरुण अभियंते प्रशिक्षणाला तिकडे गेले, आणि ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. सुरुवातीची क्षमता होती वर्षाला १० लाख टन. त्याच काळात राउरकेल्याला पश्चिम जर्मनीचे आणि दुर्गापूरला ब्रिटनचे अभियंते काम करत होते.

त्या माणसांच्या येण्यामागचा प्रश्न अगदी सरळ होता: हे काम कोणाला येतं, आणि ते दुसऱ्याला शिकवेल का? दोन सरकारांनी तो विचारला आणि माणसं आली. आज दल्ली-राजहऱ्याच्या खनिजापासून भिलाईत जे रूळ घडतात, त्यांवरून देशभर गाड्या धावतात. कौशल्य एकदा देशात आलं की ते आणणारी माणसं परत गेली तरी मागे उरतं. आजच्या बहुतेक व्हिसा-नियमांना हा हिशेब मांडता येत नाही, याचं वाईट वाटतं.

त्याच मुंबई-हावडा रेल्वेमार्गावर, नागपूरच्या पलीकडे वर्धा लागतं. पांडुरंग खानखोजे तिथले. जन्म १८८४ चा. अमेरिकेत ओरेगॉन आणि वॉशिंग्टन राज्यांत ते शेतीशास्त्र शिकले, गदर चळवळीत उतरले, आणि पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने त्यांना मायदेशाचं दार बंद केलं. १९२० च्या दशकात ते मेक्सिकोला पोहोचले. क्रांतीतून नुकत्याच सावरणाऱ्या त्या देशाला शेती शिकवणारी माणसं हवी होती. खानखोजे चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवू लागले, मक्याच्या वाणांवर त्यांनी संशोधन केलं, शेतकऱ्यांसाठी मोफत कृषी शाळा चालवल्या. दिएगो रिवेरा या थोर चित्रकाराने मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर त्यांना रंगवलं. स्वातंत्र्यानंतर ते भारतात परतले आणि १९६७ मध्ये नागपुरात वारले. मायदेशाचं दार बंद, अमेरिकेत राहणं अवघड, अशा माणसाला तिसऱ्या देशाने विचारलं, ‘तुम्हाला मका कळतो का?’ आणि त्यांना कळत होता.

गुण मोजणारे देश

अमेरिकेबाहेरचे बरेच देश सोडतीऐवजी गुण मोजतात. कॅनडाची एक्सप्रेस एंट्री जानेवारी २०१५ पासून आहे. वय, शिक्षण, भाषा, अनुभव अशा गोष्टींना मिळून १,२०० पैकी गुण मिळतात. घरबसल्या आपले गुण काढता येतात, प्रत्येक फेरीनंतर किती गुणांपर्यंत निमंत्रणं गेली ते जाहीर होतं, आणि इंग्रजी किंवा फ्रेंचची परीक्षा पुन्हा देऊन गुण वाढवताही येतात. सोडतीत नशीब वाढवता येत नाही. इथे उत्तर सुधारता येतं. जुलै २०२३ मध्ये कॅनडाने अमेरिकेतल्या एच-१बीधारकांसाठी खुल्या परवान्याच्या १०,००० जागा काढल्या आणि त्या दोन दिवसांच्या आत संपल्या. अमेरिकेच्या रांगेत किती अस्वस्थता साठली होती, हे त्या दोन दिवसांनी दाखवलं.

जर्मनीने जून २०२४ पासून ‘संधी-पत्र’ दिलं आहे. मान्य पदवी किंवा व्यावसायिक प्रशिक्षण असेल आणि ठरलेल्या निकषांवर किमान सहा गुण भरत असतील, तर नोकरी हाती नसतानाही तिथे जाऊन वर्षभर ती शोधता येते, आणि शोधताना आठवड्याला २० तास काम करता येतं. नोकरी मिळाली आणि पगार ठरलेल्या मर्यादेवर असला की ब्लू कार्ड. ते मिळाल्यावर २७ महिन्यांत कायमचं वास्तव्य मागता येतं, आणि जर्मन भाषा बी-१ पातळीपर्यंत येत असेल तर २१ महिन्यांत. म्हणजे भाषा शिकण्याच्या कष्टांची किंमत कायद्याने सहा महिने ठरवली आहे. माहिती-तंत्रज्ञानात तीन वर्षांचा अनुभव असलेल्याला पदवीशिवायही ब्लू कार्ड मिळू शकतं. २०२४ मध्ये जर्मन सरकारने भारतीय कुशल कामगारांचे वार्षिक व्हिसा २०,००० वरून ९०,००० पर्यंत नेण्याचं ठरवलं. लोकसंख्या म्हातारी होत चाललेला देश तरुण देशाकडे कसा पाहतो, ते या एका आकड्यात दिसतं.

जपानही गुण मोजतो. ७० गुणांना ‘उच्च कुशल’ दर्जा मिळतो, आणि ८० गुण असतील तर एका वर्षात कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करता येतो.

आणि सोडत इथेही भेटते. ब्रिटनने २०२३ पासून १८ ते ३० वयाच्या भारतीय पदवीधरांना दोन वर्षं राहण्या-काम करण्यासाठी वर्षाला ३,००० जागा ठेवल्या आहेत, आणि त्या सोडतीने दिल्या जातात. ऑस्ट्रेलियाची २०२४ च्या शेवटी सुरू झालेली ‘मेट्स’ योजनाही तशीच: ३,००० जागा, दोन वर्षं, सोडत. पण ती सोडतीआधी प्रश्न विचारते. पदवी भारताच्या राष्ट्रीय क्रमवारीतल्या पहिल्या शंभर संस्थांपैकी एकीची, आणि विषय अक्षय ऊर्जा, खाणकाम, अभियांत्रिकी, संगणक अशा ठरावीक क्षेत्रांतला हवा. खाण, पोलाद आणि अभियांत्रिकी पाहत वाढलेल्या भिलाईच्या मुलांनी ही योजना मुळातून वाचावी असं मनापासून वाटतं.

काम सीमा ओलांडतं, तेव्हा

एक दार असं आहे जिथे माणूस जागचा हलत नाही आणि काम ये-जा करतं. परदेशी कंपन्यांची स्वतःची मोठी केंद्रं भारतात आहेत. २०२४ मध्ये त्यांची संख्या १,७०० च्या वर आणि तिथे काम करणारे सुमारे १९ लाख होते. बंगळुरू आणि हैदराबाद यांत पुढे, पुणेही त्यांच्या बरोबरीने धावतंय. यांतल्या बऱ्याच केंद्रांत आज औषधाच्या चाचण्यांचं विश्लेषण होतं, चिपची रचना होते, बँकेची जोखीम मोजली जाते. परत येणं म्हणजे हरणं, ही समजूत जिथून आली तो काळ मागे पडला. शिवाय इथे घालवलेलं एक वर्ष एल-१ च्या प्रश्नाचं उत्तर असू शकतं, हे आपण पाहिलंच. परतीची वाट आणि पुन्हा जाण्याची वाट बऱ्याचदा एकच असते.

नंबर लागला नाही, मग आधी काय?

आधी घड्याळ पाहावं. ओपीटी संपल्यावर देश सोडण्यासाठी किंवा दर्जा बदलण्यासाठी ६० दिवस मिळतात. ओपीटीच्या काळात नोकरीशिवाय एकूण ९० दिवस चालतात, आणि विज्ञान-तंत्रज्ञानाची वाढ मिळाली असेल तर मिळून १५०. हे दिवस मोजले जातात, आणि ते ओलांडले तर पुढची दारं जड होतात. म्हणून निकालाच्या दुःखात एक आठवडा गेला तरी चालेल, दोन महिने जाऊन चालणार नाहीत.

मग कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला नेमकं विचारावं: आपली दुसऱ्या देशात शाखा आहे का, तिथे वर्षभर ठेवाल का, पुढच्या वर्षी पुन्हा नोंद कराल का? ‘माझं काही होईल का’ या प्रश्नाला कोणाकडे उत्तर नसतं. या तिन्ही प्रश्नांना असतं. मग परवानाधारक वकील. समाजमाध्यमांवरचा सल्ला दुसऱ्याच्या पासपोर्टवर बेतलेला असतो. आणि जो दलाल सोडतीत नाव काढून देण्याची हमी देतो, त्याच्यापासून लांब राहावं. सोडत कोणाच्याच हातात नाही. एका खोट्या अनुभवपत्राने अमेरिकेचीच नाही, तर ते पत्र तपासणाऱ्या प्रत्येक देशाची वाट बंद होऊ शकते.

इकडे घरी बसलेल्यांनाही एक काम आहे. आईबाबांनी, मामा-मावश्यांनी या निकालाला परीक्षेचा निकाल समजू नये. भिलाईसारख्या नगरीत, जिथे दहावी-बारावीचे गुण आणि आयआयटीचा क्रमांक घराघरात बोलला जातो, तिथे ही चूक सहज होते. गुणवत्ता यादी माणसाबद्दल थोडंफार तरी सांगते. सोडत त्याच्या गुणवत्तेबद्दल काहीच सांगत नाही.

हे नियम माणसांनी केलेले आहेत आणि माणसंच ते बदलत आली आहेत. १९९० मध्ये मर्यादा आली, २००७ मध्ये सोडत, २०२४ मध्ये पासपोर्टनिहाय मोजणी, २०२६ मध्ये पगाराचं वजन. पुढचा बदल कोणता असेल, कोणीही ठामपणे सांगू शकणार नाही. म्हणून एकाच दाराच्या मापाचं आयुष्य शिवून घेऊ नये. आपलं काम अशा रीतीने करत जावं की कोणत्याही देशाच्या अधिकाऱ्याला ते कागदावर वाचता येईल: स्वतःच्या नावाचं पेटंट किंवा निबंध, तपासून पाहता येईल असा अनुभव, आणखी एका भाषेचं प्रमाणपत्र, जबाबदारी स्पष्ट लिहिलेलं नेमणूकपत्र. यांतलं काहीही सोडतीच्या उपयोगाचं नाही. बाकीची बहुतेक दारं नेमकं हेच विचारतात.